परराष्ट्रनीतीचे शिक्षण आणि परदेशस्थ चिनी विद्यार्थी

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांसाठी 2003 साली वॉशिंग्टन येथे एका परिसंवादवर्गाचा प्रारंभ झाला. देशभरच्या विद्यापीठांतून निवडलेले विद्यार्थी थोड्या दिवसांकरिता राजधानीत एकत्र आणावयाचे, आणि अमेरिकेचे परराष्ट्रधोरण कोण ठरवितो, ते कोणत्या दप्तरातून कोणत्या दप्तरात जाते, वाटेत त्यास कोण अडवितो व कोण वळवितो, हे ज्यांनी ते प्रत्यक्ष घडविले त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकवावयाचे, एवढाच या वर्गाचा हेतू. त्याचे आयोजन अमेरिका-चीन संबंधविषयक राष्ट्रीय समितीने जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने केले. ही समिती न्यूयॉर्क येथे 1966 साली स्थापन झाली, म्हणजे ज्या वर्षी चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला आणि ज्या काळी उभय राष्ट्रांमध्ये राजनैतिक संबंध मुळीच अस्तित्वात नव्हते, त्या वर्षी. आणि पुढे 1972 च्या एप्रिलात चीनचा टेबल टेनिसचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्याच्या पाहुणचाराचा भार याच समितीने उचलला. सरकारे एकमेकांशी बोलत नसताना ज्या संस्थेने माणसांची ये-जा चालू करून दिली, तिला पुढल्या पिढीच्या शिक्षणाचा विचार सुचावा हे स्वाभाविकच होते.

या वर्गाला बसणारे विद्यार्थी केवळ राज्यशास्त्राचे नसतात, आणि माझ्या मते यातच योजकांचे शहाणपण आहे. अभियांत्रिकी, कायदा, अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा नाना शाखांतील तरुण-तरुणी तेथे येतात. त्यांतील फारच थोडे पुढे परराष्ट्र खात्यात नोकरीस लागतील. परंतु बाकीचे उद्या कोणा कारखान्याचे संचालक होतील, कोणी प्राध्यापक, कोणी एखाद्या प्रांतातील अधिकारी, आणि अमेरिकेविषयी जो लोकसमज चीनमध्ये तयार होतो तो अशाच माणसांच्या घरच्या व कचेरीतल्या बोलण्यातून तयार होतो. परक्या देशात पाच वर्षे राहूनही प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि भाड्याची खोली यांपलीकडे त्या देशाचे काहीच न पाहता परतणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्या देशाचे राज्य कसे चालते हे त्यांना कोणी दाखविले नाही, तर ते आपणहून पाहण्यास जाण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो.

आता या शिक्षणाची आवश्यकता एवढी का भासावी, हे एका प्रत्यक्ष प्रकरणावरून स्पष्ट करणे बरे. तैवानचे तत्कालीन अध्यक्ष ली तेंग-हुई हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. शेतीच्या अर्थशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी 1968 साली तेथून संपादन केली होती. आपल्या जुन्या विद्यापीठात भाषण करण्यासाठी येऊ द्यावे, अशी त्यांनी इच्छा दर्शविली. 1979 पासून अमेरिकेने पेकिंग येथील सरकारलाच चीनचे एकमेव कायदेशीर सरकार म्हणून मान्यता दिलेली असल्यामुळे, तैवानच्या अध्यक्षास प्रवेशपत्र देणे हे त्या मान्यतेशी विसंगत ठरेल, अशी ग्वाही 1995 च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनी चीनचे परराष्ट्रमंत्री छ्यान छीछन यांना समक्ष दिली. हा शब्द मिळाल्यामुळे चिनी दरबार निश्चिंत झाला. परंतु मे महिन्याच्या प्रारंभी अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाने लींना येऊ द्यावे असा ठराव 396 विरुद्ध 0 मतांनी संमत केला आणि पाठोपाठ सेनेटने तोच ठराव 97 विरुद्ध 1 मताने उचलून धरला. हे ठराव अध्यक्षांवर बंधनकारक नव्हते. तरीसुद्धा एवढ्या एकमुखी मागणीपुढे अध्यक्ष क्लिंटन यांनी मान तुकविली, त्याच महिन्यात प्रवेशपत्र मंजूर झाले आणि जूनमध्ये लींनी कॉर्नेल येथे आपले भाषण केले.

पेकिंगमध्ये या घटनेचा अर्थ एकच लावला गेला, तो म्हणजे अमेरिकेने आपल्याला जाणूनबुजून फसविले. चीनने आपला वकील वॉशिंग्टनहून परत बोलाविला, जुलैत तैवाननजीकच्या समुद्रात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या झाल्या, पुढल्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांची पुनरावृत्ती झाली, आणि अमेरिकेच्या दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या सागरात दाखल होईपर्यंत मजल गेली. ज्या राज्यव्यवस्थेत पक्ष, सरकार, कायदेमंडळ आणि वृत्तपत्रे यांचा सूर एकाच ठिकाणी ठरतो, तीत वाढलेल्या मुत्सद्द्याला परराष्ट्रमंत्र्याने दिलेला शब्द कायदेमंडळाने पंधरा दिवसांत फिरवावा ही गोष्ट पटणे अत्यंत कठीण होते. उलट वॉशिंग्टनच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला ती फार आधी दिसावयास हवी होती. आदल्याच वर्षी लींचे विमान हवाई बेटांवर इंधनासाठी उतरले असता त्यांना तेथे रात्रीचा मुक्काम करण्याची परवानगी नाकारली गेली होती, त्यावरून काँग्रेसमध्ये संताप उसळला होता, आणि तैवानच्या सत्ताधारी पक्षाशी संबंधित संस्थेने वॉशिंग्टनमधील एका व्यावसायिक पेढीला काँग्रेसचे मन वळविण्याचे काम उघडपणे सोपविले होते. यांतली एकही गोष्ट गुप्त नव्हती. सभासदांची भाषणे छापली जात होती, पेढ्यांचे करार कायद्याप्रमाणे नोंदविले जात होते. ते कागद वाचावेत कसे, आणि वाचून त्यांचे वजन ठरवावे कसे, हे ज्ञान कमी पडले.

म्हणूनच अशा वर्गात काँग्रेससंबंधीच्या विवेचनास मोठे स्थान असणे योग्य आहे. अमेरिकेची राज्यघटना युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला देते आणि सैन्याचे सेनापतिपद अध्यक्षाला देते. तह अध्यक्ष करतो, पण सेनेटच्या दोन-तृतीयांश उपस्थित सदस्यांच्या संमतीवाचून तो पक्का होत नाही. राजदूत अध्यक्ष नेमतो, पण त्यांच्या नेमणुकीवर सेनेटचे शिक्कामोर्तब लागते. आणि खजिन्याच्या किल्ल्या तर सर्वस्वी काँग्रेसच्याच हाती. 1979 साली अध्यक्ष कार्टर यांनी पेकिंगला मान्यता दिली, तेव्हा काँग्रेसने तैवानसंबंधी स्वतंत्र कायदा करून त्या बेटाला संरक्षणाची शस्त्रे पुरविण्याची तरतूद केली, आणि त्यानंतर दोन्ही पक्षांचे अध्यक्ष आले-गेले तरी तो कायदा जागचा हललेला नाही. याखेरीज परराष्ट्र खाते, संरक्षण खाते, कोषागार, व्यापार खाते, गुप्तवार्ता विभाग आणि अध्यक्षांची राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांची आपापसांत नित्य रस्सीखेच चालू असते. सोयाबीन पिकविणाऱ्या आयोवाच्या शेतकऱ्याला चीनशी गोडी हवी असते, पोलाद गाळणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या कामगाराला चिनी पोलादावर जकात हवी असते, आणि दोघांचेही प्रतिनिधी एकाच सभागृहात बसतात. या सर्वांच्या ओढाताणीतून शेवटी जे उरते त्याला आपण बाहेरून 'अमेरिकेचे धोरण' असे एकवचनी नाव देतो. आजी-माजी अधिकारी, लष्करातील माणसे, धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांतील पंडित, वार्ताहर आणि उद्योगधंद्यांचे प्रतिनिधी एकाच विषयावर एकामागून एक बोलावयास उभे राहतात आणि परस्परांशी उघड मतभेद व्यक्त करतात, तेव्हा समोर बसलेल्या चिनी विद्यार्थ्याला हे एकवचन किती फसवे आहे ते, वेगळे व्याख्यान न देताही, उमगते.

चिनी विद्यार्थ्याने अमेरिकेचे राजकारण अमेरिकेत जाऊन शिकावे, ही कल्पना मात्र 2003 ची नव्हे. तिचा उगम शोधीत गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकात पोहोचतो. येल विद्यापीठाची पदवी 1854 साली मिळविणारा युंग विंग हा अमेरिकेतील महाविद्यालयाचा पहिला चिनी पदवीधर. त्याने अनेक वर्षे खटपट करून चीनच्या चिंग राजघराण्याच्या दरबाराची मंजुरी मिळविली आणि 1872 पासून चार तुकड्यांत मिळून 120 चिनी मुले कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड व आसपासच्या गावी अमेरिकन कुटुंबांत राहून शिकू लागली. योजना पंधरा वर्षांची होती. ती नऊ वर्षांतच गुंडाळली गेली. मुले बेसबॉल खेळू लागली, काही चर्चमध्ये जाऊ लागली, काहींनी चिंग राजनिष्ठेची खूण असलेल्या वेण्या कापल्या, आणि दरबारातील सनातनी अधिकाऱ्यांना ती हातची गेली असे वाटू लागले; दुसरीकडे, या मुलांना पुढे अमेरिकेच्या लष्करी व नाविक विद्यालयांत प्रवेश मिळावा ही चीनची अपेक्षा अमेरिकन सरकारने फेटाळली, आणि चिनी मजुरांविरुद्धचा द्वेषही तेथे दिवसेंदिवस वाढत होता. दोन्ही बाजूंच्या संशयाच्या कात्रीत सापडून 1881 साली ही मुले शिक्षण अर्धवट टाकून परत बोलाविली गेली. बहुतेकांच्या पदव्या राहून गेल्या. तरीही याच मुलांतून थांग शाओयी हा 1912 साली चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला, आणि याच मुलांतला ल्यांग चंग वॉशिंग्टनमध्ये चीनचा वकील म्हणून गेला.

या ल्यांग चंगची कामगिरी थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. परकीयांविरुद्ध चीनमध्ये उसळलेल्या बॉक्सर बंडानंतर 1901 साली विजयी राष्ट्रांनी चीनवर 45 कोटी तैल (तैल हे चिनी वजनाचे माप) चांदीची दंडाची रक्कम लादली. तीत अमेरिकेचा वाटा सुमारे 2 कोटी 44 लाख डॉलरचा होता, आणि अमेरिकनांचे प्रत्यक्ष नुकसान त्याहून पुष्कळ कमी झाले होते. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बोलण्यातून ही गोष्ट ल्यांग चंगच्या ध्यानी आली, आणि जादा घेतलेली रक्कम परत मिळावी यासाठी त्याने परराष्ट्र खात्याशी बोलणी तर केलीच, पण वृत्तपत्रांचे संपादक आणि काँग्रेसचे सभासद यांच्याशीही संधान बांधले. कारण अमेरिकेत मंत्र्याचे मन वळले म्हणजे काम झाले असे होत नाही, हे तेथल्या शाळेत वाढलेल्या त्या माणसाला ठाऊक होते. अखेर 1908 साली रक्कम परत करण्याचा निर्णय झाला आणि तिच्यातून चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकविण्याच्या शिष्यवृत्त्या निर्माण झाल्या. 1909 साली पहिल्या तुकडीत 47 विद्यार्थी निघाले, आणि त्यांच्या पूर्वतयारीसाठी 1911 साली जी शाळा निघाली तीच पुढे छिंगह्वा विद्यापीठ म्हणून विख्यात झाली. अमेरिकेच्या या औदार्यात स्वार्थ नव्हता असे मुळीच नव्हे. चिनी तरुणांची आजची पिढी जो देश शिकवील, त्याला पुढे चीनमध्ये व्यापाराचा व प्रभावाचा सर्वांत मोठा लाभ होईल, असे इलिनॉय विद्यापीठाच्या अध्यक्षांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना 1906 सालीच लिहून कळविले होते.

या शिष्यवृत्तीवर 1910 साली गेलेल्या विद्यार्थ्यांत हू शी होता. तो कॉर्नेलला शेतकी शिकावयास गेला आणि तत्त्वज्ञान शिकून बाहेर पडला. चिनी बोलभाषेला साहित्यात मानाचे स्थान मिळवून देणारा म्हणून पुढे त्याची कीर्ती झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्याने 1912 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी घेतलेले शिक्षण. सॅम्युएल ऑर्थ नावाचे प्राध्यापक अमेरिकन पक्षपद्धतीवर शिकवीत असत. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की न्यूयॉर्कची तीन वर्तमानपत्रे घ्या, एक विल्सनच्या बाजूचे, एक टॅफ्टच्या आणि एक रूझवेल्टच्या. तिन्ही रोज वाचा. प्रत्येकाने आपापला उमेदवार निवडून त्याचे चिन्ह छातीवर लावा. आणि गावात होणाऱ्या राजकीय सभांना हजर राहा. हू शीने रूझवेल्टचे चिन्ह लावले. अशाच एका सभेला तो गेला असता सभेचा अध्यक्ष म्हणून जो मनुष्य उभा राहिला तो विद्यापीठाच्या एका इमारतीची देखभाल करणारा कामगार असल्याचे त्याला दिसले, आणि श्रोत्यांत बसलेल्या प्राध्यापकांना त्यात काहीच वावगे वाटत नव्हते. ही आठवण हू शीने म्हातारपणी आत्मवृत्त सांगताना नोंदविली आहे; लोकसत्तेविषयी वाचलेल्या ग्रंथांहून तिचा संस्कार खोल झाला असावा असे ती वाचताना वाटते. 1938 साली जपानी आक्रमणाने चीन रक्तबंबाळ झालेला असताना याच हू शीला राजदूत म्हणून वॉशिंग्टनला धाडण्यात आले, आणि अमेरिकेच्या गावोगावी फिरून, सभा घेऊन, त्याने चीनची बाजू लोकांपुढे मांडली. ऑर्थ यांच्या वर्गात तो जे शिकला होता त्याचाच हा विनियोग.

दुसरे नाव वेलिंग्टन कू यांचे. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन बॅसेट मूर यांच्या हाताखाली आंतरराष्ट्रीय कायदा शिकले. मूर हे परराष्ट्र खात्यात उपमंत्र्याच्या दर्जाचे काम केलेले कसलेले कायदेपंडित. त्यांच्यापाशी ग्रंथातल्या नियमांबरोबर त्या नियमांना दप्तरात कसे वागविले जाते याचाही अनुभव होता. कू विद्यापीठाच्या दैनिकाचे संपादक झाले, वादसभा गाजवू लागले. थांग शाओयी 1908 साली दंडाची रक्कम परत केल्याबद्दल आभार मानण्यास चीनचा खास दूत म्हणून वॉशिंग्टनला आला असता त्याची दृष्टी या तरुणावर पडली, आणि 1912 साली प्रजासत्ताकाच्या पहिल्या सरकारात कू यांना बोलावणे आले ते त्याच्याच शिफारशीने. प्रबंध पुरा व्हावयाचा होता. कू जाण्यास कचरत होते. जेवढे लिहून झाले आहे तेवढे पदवीला पुरेसे आहे, तुम्ही देशाच्या कामाला जा, असा सल्ला मूर यांनी दिला. हार्टफर्डहून अर्ध्या शिक्षणावर परत बोलाविलेल्या मुलाने एक पिढीनंतर कोलंबियाच्या विद्यार्थ्याला मंत्रालयाचे दार उघडून दिले, ही परंपरा अशा योजनांचा हिशेब मांडणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. नऊ वर्षांत बंद पडलेल्या योजनेचे फळ तीस-चाळीस वर्षांनी पदरात पडले.

कू यांची खरी परीक्षा 1919 च्या जानेवारीत, पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेत झाली. शांतुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क आपल्याला मिळावेत अशी जपानने मागणी केली होती, आणि ब्रिटन व फ्रान्स यांनी तसे गुप्त वचनही दिलेले होते. 28 जानेवारी रोजी परिषदेच्या दहा जणांच्या मंडळासमोर तरुण कू यांनी जे उत्तर दिले, त्यात शांतुंग ही कन्फ्यूशियसची जन्मभूमी असल्याचा भावनिक मुद्दा होता. पण त्याहून वजनदार होता तो कायद्याचा: जपानने चीनशी केलेले 1915 चे करार धाकदपटशाने करून घेतलेले असल्यामुळे, आणि पुढे चीन स्वतः जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्याने परिस्थिती मुळातूनच पालटल्यामुळे, ते करार चीनला बांधू शकत नाहीत. पाश्चात्त्यांच्याच धर्मशास्त्राचा आधार घेऊन पाश्चात्त्यांना जाब विचारला गेला. निकाल चीनच्या विरुद्ध लागला आणि अध्यक्ष विल्सन यांनीही अखेरीस माघार घेतली. परंतु 28 जूनला व्हर्सायच्या तहावर सही करण्याचे चिनी प्रतिनिधींनी साफ नाकारले, आणि 1922 साली वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी शांतुंगविषयी करार होऊन तेथील हक्क चीनकडे परत आले. कू पुढे 1957 ते 1967 या काळात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते.

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. परदेशी विद्यार्थ्यांना परराष्ट्रनीती शिकविणाऱ्या योजनांचे समर्थन करताना त्यांमुळे मित्र निर्माण होतात असे वारंवार सांगण्यात येते, आणि विरोध करणारे तेच वचन उलटे करून, मित्र कोठे झाले ते दाखवा, असा सवाल टाकतात. कू हे अमेरिकेचे मित्र होते, तरी प्रसंगी तिच्याशी झगडले. 1973 च्या सुमारास, सांस्कृतिक क्रांती अद्याप संपलेली नसताना, चीनने निवडक तरुणांची एक तुकडी इंग्लंडला पाठविली. बाथ येथे आणि लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात शिकलेल्या या मंडळींतूनच पुढे परराष्ट्रमंत्री यांग ज्येछी आणि वॉशिंग्टनमधील राजदूत चोउ वन्चुंग तयार झाले. त्यांनी आपल्या देशाची बाजू इंग्रजीत अस्खलित आणि कधी कधी फार कठोर शब्दांत मांडली. इंग्लंडला त्यांच्यापासून मैत्रीची अपेक्षा असेल तर ती अपुरी राहिली असे म्हणावे लागेल. परंतु समोरचा काय बोलतो, कोणत्या भीतीने बोलतो आणि कोठवर माघार घेऊ शकतो हे जाणणारा प्रतिस्पर्धी हा अजाण प्रतिस्पर्ध्यापेक्षा शतपटीने बरा. कारण त्याच्याशी वाद झाला तरी तो खऱ्या कारणावरून होतो. 1995-96 चा प्रसंग अजाणतेपणातून केवढा चिघळला हे आपण पाहिलेच.

माओच्या निधनानंतर दारे उघडली ती एकदम. 1978 च्या जूनमध्ये चिनी नेते तंग श्यावफिंग यांनी विद्यार्थी हजारांनी परदेशी पाठवावेत अशी आज्ञा केली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकन अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार फ्रँक प्रेस पेकिंगला गेले असता, पाच हजार विद्यार्थी पाठविण्यास परवानगी मिळेल काय, असे तंग यांनी विचारले, आणि प्रेस यांनी वॉशिंग्टनला दूरध्वनी करून पहाटे तीनला अध्यक्ष कार्टर यांना झोपेतून उठविले. त्यांना सांगा की एक लाख पाठवा, असे उत्तर आपण दिल्याचे कार्टर पुढे सांगत असत. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या अखेरीस 52 अभ्यासकांची पहिली तुकडी अमेरिकेला निघाली. 1986 साली तर नानचिंग विद्यापीठ आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून नानचिंग येथे एक संयुक्त केंद्र काढले, त्याची रचना मला विशेष अनुकरणीय वाटते. तेथे चिनी विद्यार्थ्याला अमेरिकन प्राध्यापक इंग्रजीत शिकवितात, अमेरिकन विद्यार्थ्याला चिनी प्राध्यापक चिनी भाषेत शिकवितात, आणि एका खोलीत एक चिनी व एक अमेरिकन असे राहतात. वर्गात संकोचाने न विचारलेला प्रश्न रात्री दिवा मालविण्यापूर्वी विचारला जातो. अशा सहवासातून मिळणारे शिक्षण थोड्या दिवसांच्या परिसंवादाला देता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत ही दारे पुन्हा किलकिली होत चालली आहेत, आणि दोन्ही बाजूंनी. 2020 च्या मे महिन्यात अमेरिकेने एका जाहीरनाम्याने चिनी लष्कराशी संबंधित संस्थांतून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रवेशबंदी केली. जुलैत चीन व हाँगकाँगसाठीचा फुलब्राइट शिष्यवृत्तीचा कार्यक्रम बंद केला. 2019-20 या शैक्षणिक वर्षी अमेरिकेत 3,72,532 चिनी विद्यार्थी होते. 2023-24 मध्ये ते 2,77,398 वर आले. उलट दिशेची गळती याहून भयंकर: 2018-19 साली 11,000 हून अधिक अमेरिकन विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते, आणि महामारीनंतर ती संख्या काही शेकड्यांवर आली. विद्यार्थ्याच्या वेषात हेर येतो ही अमेरिकेची शंका सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणत नाही, आणि परदेशी शिकलेला मनुष्य परके विचार घेऊन येतो ही चीनची भीतीही 1881 पासूनची जुनी आहे. परंतु परराष्ट्रधोरणाच्या या वर्गात शिकविले जाते ते सारे उघड्यावरचे असते. त्यात चोरण्यासारखे काहीच नसते आणि समजून घेण्यासारखे मात्र पुष्कळ असते. प्रयोगशाळेच्या दारावर पहारा बसविणाऱ्या राज्यकर्त्यांनी हा फरक ओळखावयास हवा. संशयाच्या भरात दोन्ही सरकारे नेमक्या त्या माणसांची पैदास थांबवीत आहेत, ज्यांची त्यांना पुढल्या पेचप्रसंगात सर्वांत अधिक गरज लागणार आहे.

आपल्या देशानेही एकेकाळी हा मार्ग चोखाळला होता. 1947 साली हिंदुस्थान सरकारने जे विद्यार्थी पेकिंग विद्यापीठात पाठविले त्यांत मराठी मुत्सद्दी वसंत परांजपे होते. चिनी राज्यक्रांती त्यांनी त्या शहरात राहून पाहिली, भाषा आत्मसात केली, आणि 1954 साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा माओंशी झालेल्या संभाषणात दुभाषाचे काम त्यांनी केले. अशी माणसे आपल्यापाशी मूठभरच होती, आणि पुढील काळात ती वाढविण्याची चिकाटी आपण दाखविली नाही.

आज चित्र असे आहे की 2023-24 साली अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांत भारताने चीनला मागे टाकले. 3,31,602 भारतीय विद्यार्थी त्या वर्षी तेथे होते, आणि त्यांत पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून गेलेली मराठी मुले-मुली विपुल आहेत. त्यांतली बहुतेक संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकतात. त्यांना व त्यांच्या पालकांना माझी विनंती एवढीच की, परदेशी घालविलेल्या दोन-चार वर्षांतला थोडा वेळ त्या देशाचे राज्य पाहण्यासाठी राखून ठेवावा. काँग्रेसच्या समित्यांच्या बहुतेक सुनावण्या सर्वांना खुल्या असतात, त्यांना कसलेही शुल्क पडत नाही, आणि भारतावर लादलेली जकात असो की भारतीयांची प्रवेशपत्रे, त्यांविषयीचे वाद तेथेच होतात. वॉशिंग्टनला जाणे शक्य नसेल त्याने आपल्या गावच्या नगरसभेच्या बैठकीला जाऊन बसावे. हू शीने कॉर्नेलच्या इथाका गावी तेच केले होते. आणि चिनी विद्यार्थ्यांसाठी भरविला गेला तसा वर्ग भारतीय विद्यार्थ्यांसाठी भरविण्याचे काम अमेरिकेतील मराठी मंडळांना आणि तेथे स्थिरावलेल्या आपल्या प्राध्यापकांना अवघड नाही; त्यांनी ते हाती घ्यावे.